गायीचे मागचे पाय

पडदा वर जातो. म्हणजे जायला हवा. पण इंग्लंडातल्या हल शहरातल्या त्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या सभागृहातला मोहरीच्या रंगाचा पडदा अर्ध्यावर अडकतो आणि तिथेच लोंबकळत राहतो, त्यामुळे आत काय आहे ते जरा वाकूनच बघावं लागतं. पडद्यामागे एक बुटका रंगमंच. त्याच्यापुढे, जिथे कधीकाळी पोरं मांडी घालून प्रार्थना म्हणायची, तिथे ओळीने घडीच्या खाटा आणि त्यांच्यावर करडी घोंगडी. भिंतीला व्यायामाच्या शिड्या, शिड्यांवर वाळत घातलेले मोजे. कोपऱ्यात चहाचं पिंप धुसफुसतंय. छताला रंगीत कागदाच्या साखळ्या. बाहेर हंबर नदीवरून येणारा वारा आणि त्यात पाऊस व्हावं की बर्फ हे अजून ठरवू न शकलेलं काहीतरी. नाताळ तोंडावर आलाय.

आणि विंगेतून, म्हणजे खरं तर मुतारीच्या दारातून, कारण मुख्य दार ओलीने फुगून बसलंय, प्रवेश करतो मर्विन ओल्डरॉइड. वय सत्तरीपार, गळ्याला जांभळा रेशमी रुमाल, हातात चामड्याची पेटी. उंबऱ्यात तो थांबतो. टाळ्यांसाठी थांबतो. उभ्या आयुष्यात प्रवेश केल्यावर त्याने तेवढी जागा सोडलेली आहे, सवय जात नाही.

जवळच्या खाटेवरून एक बाई मान वर करून म्हणते, "दार लाव, राजा. वारा येतोय."

त्या वास्तूतलं त्याचं स्वागत ते हे एवढंच. मर्विन ही गोष्ट आजही सांगतो, आणि सांगताना त्या बाईचा घोगरा आवाज असा हुबेहूब काढतो की ऐकणारा उठून खरंच दार बघून येतो.

दर नाताळाला मर्विन बाई व्हायचा. थिएटरात, अर्थात. नाताळच्या पँटोमधली, म्हणजे पोराबाळांसाठीच्या धमाल नाटकातली, ती धिप्पाड, फटकळ, गालांवर विटेएवढा रंग थापलेली विधवा आई पुरुषानेच करायची असते. हा स्त्रीपार्ट लाजण्यामुरडण्याचा नव्हे. पदर खोचून प्रेक्षकांच्या अंगावर धावून जाण्याचा. यॉर्कशायरच्या सगळ्या किनाऱ्यावर ही विधवा मर्विनसारखी दुसरं कोणी करत नाही, असं जाणकारांचं मत होतं. जाणकार कोण, असं विचारलं की मर्विन नम्रपणे मान खाली घालतो.

ह्या नाटकांत एक रीत आहे. अगदी शेवटी, दुष्टाचं पारिपत्य होऊन, लग्नं लागून, सगळे नट रांगेत उभे राहिले की यमकातल्या दोन ओळी म्हणायच्या आणि त्यांच्यावर पडदा टाकायचा. ह्या दोन ओळी तालमीत कोणी म्हणत नाही. तिथवर आलं की सगळे गप्प बसतात, फार तर कोणी 'टम टी टम' करतं, आणि तालीम उठते. त्या पहिल्यांदा उच्चारायच्या त्या भरल्या घरात, म्हणजे भरल्या प्रेक्षागृहात, माणसांच्या तोंडावर. रिकाम्या घरात म्हटल्या तर नाटक पडतं, कोणाचा तरी पाय मोडतो, तिकीटखिडकीवर माशा बसतात. मर्विन त्या आंघोळ करतानाही म्हणत नसे. पण खेळ रंगला, घर भरलं, की कमरेवर हात ठेवून, छपराकडे बघत, त्या दोन ओळी अशा सोडायचा की शेवटच्या रांगेतली आजी डोळे पुसायची.

मग एका वर्षी, हंगामाच्या शेवटच्या खेळाला, महालाच्या जिन्यावर त्याचा उजवा गुडघा कुलूप घातल्यासारखा अडकला. तो विव्हळला. लोक हसले. त्याला वाटलं, वा, नवी जागा सापडली! म्हणून तो आणखी विव्हळला, लोक आणखी हसले, आणि चौघांनी त्याला उचलून आत नेलं तेव्हा जी टाळी पडली तशी त्याला कारकिर्दीत दुसरी मिळाली नव्हती. उरलेलं नाटक बदली नटाने ओढून नेलं. शेवटच्या दोन ओळी त्यानेच म्हटल्या. रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या मर्विन मनात नाटक चालवत होता: आता लग्न, आता रांग, आता माझ्या ओळी. त्या त्याच्या घशात माशाच्या काट्यासारख्या अडकल्या त्या अडकल्याच. डॉक्टरांनी रंगभूमी बंद केली. लागोपाठ तीन नाताळ त्याने केसांच्या टोपांच्या खोक्यांमध्ये बसून डब्यातलं सूप पिऊन काढले. त्याला आता आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती: माणसांनी भरलेल्या खोलीत त्या दोन ओळी एकदा म्हणून टाकायच्या.

मासे-बटाट्याच्या दुकानात पॅटीची वाट बघताना त्याने भिंतीवरचा कागद वाचला. नाताळच्या आठवड्यात बेघरांसाठी जुन्या शाळेत निवारा, मदतीला माणसं हवीत. दुसऱ्या कोणाच्या मनात इथे कणव दाटून आली असती. मर्विनच्या मनात आलं ते असं: शाळा म्हणजे सभागृह. सभागृह म्हणजे रंगमंच. आणि बाहेर असली थंडी, म्हणजे मध्यंतरात उठून जाणार कोण?

"माणसं थंडीनं काकडत होती आणि मला हाउसफुल्ल दिसत होतं," तो सांगतो, आणि मग कपाळावर हात मारतो. "असा मी परोपकाराला निघालो!"

निवाऱ्याची चावी मॉइराकडे होती. मॉइरा त्याच शाळेची जुनी स्वयंपाकीण. शाळा बंद झाली तरी किल्ल्यांचा जुडगा तिने परत केला नव्हता, आणि मागायची कोणाची छाती झाली नव्हती. तिने मर्विनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय येतं तुम्हाला, ओल्डरॉइड?"

"अभिनय, मॅडम. गायन. थोडं नृत्य, गुडघा सोडून."

"कांदे सोलता येतात?"

"डोळ्यांना त्रास होतो."

"मग मोजे वाटा." तिने त्याला मोज्यांच्या टेबलामागे उभं केलं. "आणि एक लक्षात ठेवा. हे आपले पाहुणे आहेत. कुठून आलात, घर कसं गेलं, असं काही विचारायचं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं."

हा नियम पाळणं मर्विनला मुळीच जड गेलं नाही. दुसऱ्याला काही विचारायची त्याला सवयच नव्हती. मोज्यांच्या जोडीबरोबर तो एकेका पाहुण्याला आपली एकेक आठवण देत होता, आणि नाताळच्या दुपारपर्यंत सबंध सभागृहाला त्याची कारकीर्द पाठ झाली होती. मोजे देताना तो कमरेत वाकायचा, हात पसरायचा.

"मोजे देतोयस की राज्य?" दाराजवळच्या खाटेवरली ती बाई म्हणाली. तिचं नाव ग्लेनिस. रुंद चेहरा, पुढचा एक दात नाही, अंगावर एकावर एक घातलेले दोन कोट. तिच्या उशाशी एक विजेची किटली असायची. किटलीची वायर ती झोपताना मनगटाला गुंडाळून घ्यायची.

"बाईसाहेब, मी आपल्या चरणांना—"

"चरणांना लोकरीचे दे. हे नायलॉनचे आहेत, आग होते."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सगळे उरलेली कोबी खात असताना, मर्विनने पेटी उघडली आणि लाल केसांचा टोप बाहेर काढला. निवारा बंद व्हायच्या दिवशी, दुपारी, आपण सगळे मिळून पँटो करू, असं त्याने जाहीर केलं. शहरातल्या लोकांनाही बोलावू. घर भरेल! गोष्ट त्याने ठरवूनच आणली होती: गरीब विधवा, तिचा भोळसट मुलगा, विकायला काढलेली गाय, आणि भाडं थकलं म्हणून त्यांना बाहेर काढणारा जमीनदार.

मॉइराने हातातला डाव खाली ठेवला. "लोकांना घराबाहेर काढायची गोष्ट? इथे?"

"विनोदी आहे," मर्विन म्हणाला.

आपण केवढा मोठा मूर्खपणा बोललो ते त्याला दोन दिवसांनी उमगलं. पण त्या वेळी खाटांवरून हसणं ऐकू आलं आणि त्याने ते होकार म्हणून घेतलं. जमीनदाराचं काम मॉइराला मिळालं, कारण चाव्या तिच्याकडे होत्या. भोळसट मुलाचं काम सगळ्यांत लहान पाहुण्याकडे गेलं. तो पंचावन्नचा होता. गाय, म्हणजे दोघांनी आत शिरून चालवायचं गायीचं कातडं, मर्विनने जुन्या थिएटरच्या रंगपटातून मागून आणली. तिच्या पुढच्या पायांना विटेक नावाचा पोलिश गवंडी तयार झाला. हा विटेक दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन आपल्या भाषेत. मागच्या पायांना कोणी तयार होईना. विधवेचं काम कोणाचं, हा प्रश्नच नव्हता.

पहिल्या तालमीला जमीनदाराने फर्मावलं, "संध्याकाळच्या आत घर खाली करा!" मर्विनने टोप सावरला. कपाळाला उलटा हात लावला, दोनदा गिरकी घेतली, "हाय, आता जाऊ कुठे मी अबला!" म्हणाला आणि खुर्चीत कोसळला. ह्या कोसळण्यावर त्याने वर्षानुवर्षं पोट भरलं होतं.

सभागृह गप्प. कोणीतरी शिंकलं.

आणि मग ग्लेनिस खाटेवरून ओरडली, "अगं भवाने, पडतेस काय! आधी किटली उचल! किटली राहिली की गेली!"

असा हशा मर्विनने कधी ऐकला नव्हता. तो वरून येत नव्हता, जमिनीतून येत होता. खाटा हलत होत्या. "चार्जर!" कोणी ओरडलं. "कवळी घे, कवळी!" "कुत्रा बांधलेला सोड!" विटेकने आपला त्या दिवसाचा तिसरा शब्द खर्च केला: "चपला!" लोक डोळे पुसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि खुर्चीत कोसळलेल्या विधवेकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

आता इथे भल्या माणसाने काय केलं असतं ते सोडा. मर्विनने काय केलं? चोरी केली. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत जमीनदार "घर खाली करा" म्हणताच तो न कोसळता टाचेवर फिरला आणि म्हणाला, "थांबा! माझी किटली!"

शांतता. चहाच्या पिंपाचा नळ तेवढा ठिबकत होता.

"त्या शांततेत," तो सांगतो, "मला माझा मेकअप वाळताना ऐकू आला."

"नाही रे राजा," ग्लेनिस म्हणाली, आणि तिच्या आवाजात मुळीच कुचेष्टा नव्हती, त्यामुळे ते जास्त झोंबलं. "तू ती मागतोयस. मागायची नाही. उचलायची."

"मग ये ना! ये वर आणि दाखव!" मर्विन तडकला.

ती आली. दोन्ही कोटांसकट आली. जमीनदार ओरडत असताना ती त्याच्याकडे बघेचना. किटली उचलली, वायर मनगटाला गुंडाळली, खुर्ची उलटी करून काखेत मारली, जमीनदाराच्या डोक्यावरची टोपी काढून तिच्यात चमचे भरले आणि म्हणाली, "भाऊसाहेब, जरा ते दार धरता का? हात मोकळे नाहीत." मॉइरा जमीनदार असल्याचं विसरली आणि तिने दार धरलं. सभागृह हसून कोसळलं.

मर्विन मोजे ठेवलेल्या खोलीत जाऊन बसला. तासभर बसला. त्याला आठवण्यासारखं बरंच होतं: त्याने जन्मभर केलेल्या विधवा, त्यांची थकलेली भाडी, त्यांचे हुंदके. एवढ्या विधवांपैकी एकीलाही त्याने कधी विचारलं नव्हतं, की बाई, निघताना तू काय उचललंस?

बाहेर आला तो लंगडत. जरा जास्तच लंगडत. टोप ग्लेनिसच्या हातात ठेवून म्हणाला, "माझा गुडघा साथ देत नाही. हे काम तू कर."

अजूनही तो लोकांना गुडघ्याचंच कारण सांगतो. गुडघा बिचारा काही बोलत नाही.

"बाईचं काम बाईनं करायचं?" मॉइरा म्हणाली. "चालतं का तुमच्यात?"

"चालत नाही," मर्विन म्हणाला. "जग बुडायला आलंय. पण शेवटच्या दोन ओळी मी म्हणेन."

"का?" ग्लेनिसने टोप डोक्यावर चढवला. "टोप ज्याच्या डोक्यावर, ओळी त्याच्या. सांग कुठल्या."

"म्हणून दाखवता येत नाहीत. खेळाच्या आधी म्हटल्या तर अपशकुन होतो."

"मग कानात सांग. कानात काय अपशकुन."

बराच वेळ घासाघीस झाली. अखेर त्याने तिला कोपऱ्यात नेलं आणि ओठ हलवून, आवाज न काढता, त्या ओळी तिला शिकवल्या. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"एवढंच? आणि ह्या म्हटल्याच नाहीत तर?"

"तर नाटक संपत नाही."

"संपतच नाही?"

"कसं संपेल? पडदा कशावर पाडणार?"

ग्लेनिसने टोपातून सुटलेली एक बट आत खोचली आणि किटली भरायला गेली.

गायीचे मागचे पाय रिकामेच होते. ज्याला दुसरं काही उरत नाही त्याच्या वाट्याला ते येतात, हा धंद्याचा नियम. पोरवयात मर्विनने सुरुवात तिथूनच केली होती. आता त्याच कातड्यात तो पुन्हा वाकून शिरला. आत धुळीचा, घामाचा, जुन्या नाताळांचा वास होता. काळोख. विटेकच्या कमरेला दोन्ही हात, कपाळ विटेकच्या पाठीला. चेहरा कोणाला दिसत नाही, आवाज काढायचा नाही. मर्विनचा चेहरा त्याचा त्यालाच जड झाला. त्याचं करायचं काय, कळेना.

"एक, दोन," विटेक आपल्या भाषेत मोजायचा. गाय निघायची, आणि चौथ्या पावलाला मर्विनचा उजवा गुडघा दगा द्यायचा. पुढची गाय राणीसारखी, मागची म्हैस चिखलात रुतल्यासारखी. पण दुसऱ्या दिवशी मर्विनला हातांखाली काहीतरी वेगळं जाणवलं. पुढची पाठही चौथ्या पावलाला उजवीकडे कलत होती. विटेक मुद्दाम लंगडत होता. आता गाय सबंध लंगडायची, पुढून आणि मागून सारखी, आणि ती लंगडी गाय बघून खाटांवरले लोक खदखदून हसायचे. मागे कोण आहे नि त्याला काय झालंय, कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

त्या काळोखात मर्विनने आयुष्यातला बहुधा पहिला प्रश्न विचारला. "तुझी पाठ दुखत नाही ना, विटेक? मी फार भार टाकतो."

पाठ जरा थांबली. "दुखते," विटेक म्हणाला. "छतं करून. वीस खोल्यांचं हॉटेल केलं. सगळी छतं मी केली." मग थोड्या वेळाने, "छान छतं होती."

आणखी काही विचारावं का, हे मर्विनला कळलं नाही. नियम होता, शिवाय सराव नव्हता. त्याने भार जरा कमी केला.

खेळाचा दिवस उजाडला. ठरलं होतं असं: जेवण, मग नाटक, मग चहा, आणि चहानंतर अंधार दाट व्हायच्या आत पाहुण्यांनी आपापलं सामान घेऊन निघायचं. खाटा कोणाकडून तरी उसन्या आणलेल्या, संध्याकाळी त्यांचा ट्रक यायचा होता. सकाळपासून सामान भिंतीला लागलेलं होतं. बोचकी, पिशव्या, एक लहानशी सुटकेस. खाटा मिटून उभ्या केल्या होत्या आणि त्या जागी शाळेच्या ठेंगण्या खुर्च्या आल्या होत्या. शहरातली माणसं आली, पोरं आली, मासे-बटाटेवाला आला. घर भरलं. मुतारीच्या दारातही लोक उभे राहिले.

मर्विन गायीत शिरला तेव्हा त्याने मागची बटणं लावली नाहीत. हवा यावी म्हणून, असं तो सांगतो. वेळ आली तर एका झटक्यात बाहेर पडता यावं असा त्याचा काही विचार नव्हता, असंही तो न विचारता सांगतो.

खेळ रंगला. पोरं "मागे बघ! मागे बघ!" करून घसा बसवून घेत होती. जमीनदारावर कोबीची पानं फेकली गेली. ग्लेनिसने किटली उचलली तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या आणि शहरातली माणसं त्यांच्याकडे बघून, जरा उशिरा, का ते न कळता, उभी राहिली. गाय लंगडत आली, लंगडत नाचली, पुढच्या तोंडाने मॉइराच्या खिशातून चाव्या काढून विधवेला दिल्या. घर वाचलं. सगळे रांगेत उभे राहिले. गाय विधवेच्या शेजारी.

ह्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर बोलायला जागा उरणार नाही. ग्लेनिसला वसंतात एक खोली मिळाली, न्हाव्याच्या दुकानावरची. तिथे किटली टेबलावर असते, वायर भिंतीत. विटेक कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. मर्विन कुठल्याही नव्या छताखाली शिरला की आधी वर बघतो. मोजे तो दर नाताळाला वाटतो, लोकरीचे, फारसा न वाकता, आणि मोजे देताना "कोणते हवेत?" असं विचारून उत्तराची वाट बघतो. पहिल्या वर्षी ती वाट बघणंही तो जरा अभिनयानेच करायचा, असं मॉइरा म्हणते. आता बरं जमतं.

तर, रांग उभी आहे. शाळेच्या जुन्या बाजाच्या पेटीवर एका पाहुण्याने सूर धरला. आता ओळी.

ग्लेनिस गप्प.

गायीच्या आत मर्विनने कान टवकारले. विसरली! नटाच्या लेखी रंगमंचावरच्या शांततेचं कारण एकच असतं. त्याने आतून पहिला शब्द हळूच सरकवला. पुन्हा, जरा मोठ्याने. पुढे बसलेलं एक पोर म्हणालं, "आई, गाय बोलली."

"विसरले नाहीये," ग्लेनिस म्हणाली. "म्हणायचं नाहीये मला."

"म्हणायचं आहे!" पोरं ओरडली, पँटोत ओरडतात तशी.

"नाही म्हणायचं!"

"म्हणायचं आहे!"

"नाही म्हणायचं!" दोनदा ते मजेत झालं. तिसऱ्यांदा तिच्या आवाजातली मजा संपली आणि पोरांनाही ते कळलं. पेटी थांबली. बाहेर ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज वाजायला लागला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांपैकी कोणी हललं नाही. सगळे भिंतीला लावलेल्या सामानाकडे पाठ करून ताठ बसले होते. मॉइराने दिव्यांच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

आणि मग मर्विनला ऐकू आलं, की ती गायीच्या मागच्या बाजूला आली आहे. ती वाकली. दोन कोटांचा वास, तंबाखू, थोडा साबण.

"मर्विन," ती कातड्याला तोंड लावून म्हणाली. "तूच म्हण. तुझ्याच आहेत त्या, मला ठाऊक आहे. मी म्हटलं की हे सगळं संपणार. मला नाही जमणार. तू ये बाहेर आणि म्हण."

घर भरलेलं. माणसं श्वास रोखून बसलेली. मागची बटणं उघडी. दोन्ही ओळी जिभेच्या टोकावर, तीन नाताळ मुरलेल्या, आणि त्या म्हणायला त्याला हात जोडून बोलावलेलं. असला प्रवेश नटाला जन्मात एकदा मिळतो. त्याच्या हातांखाली विटेकची पाठ ताठ झाली होती. तीही वाट बघत होती.

मर्विनने एक हात विटेकच्या कमरेवरून काढला, मागे नेला आणि बटणं चाचपली. एक लावलं. दुसरं लावलं. मग भरल्या घरात, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला:

"मला काय विचारतेस, बाई? मी गायीचं ढुंगण आहे. ढुंगणाला ओळी नसतात."